चित्राची पट्टी

२०२२ च्या उन्हाळ्यात माझे रेखा व रंगकलेचे, म्हणजे जी. डी. आर्टचे, शेवटचे वर्ष संपले आणि त्यानंतरचे जवळजवळ दीड वर्ष 'आता काम कुठून मिळणार' या एकाच काळजीत गेले. ती काळजी पुढे कशी बदलत गेली ते लिहावेसे वाटले, कारण माझ्यानंतर महाविद्यालयातून बाहेर पडलेली मुले-मुली आजही मला तेच प्रश्न विचारतात, आणि उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसते.

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. आप्पा मार्केट यार्डात एका अडत दुकानात गेली तीस वर्षे दिवाणजी आहेत. हळदीचा हंगाम सुरू झाला की त्यांच्या सदऱ्याच्या बाह्यांना, चपलांना, वहीच्या कडांनासुद्धा पिवळी भुकटी लागलेली असते. मी चित्रकलेला जाणार म्हटल्यावर त्यांनी विरोध केला नव्हता. फक्त एकदा विचारले होते, "ह्यात पट्टी कुणाच्या नावानं निघते?" पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा, शेतकऱ्याच्या नावाने निघणारा हिशेबाचा कागद, एवढे मला ठाऊक होते, पण तेव्हा मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही आणि मी तो विसरून गेले.

आमच्या वर्गात शिक्षण संपल्यावर पुढच्या वाटा कोणत्या, याची चर्चा रोज चाले. पहिली वाट कलाशिक्षकाची. त्यासाठी ए. टी. डी., म्हणजे कलाशिक्षक पदविका, करायची, शिक्षक अभियोग्यता चाचणी द्यायची आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर जागा निघण्याची वाट पाहायची. जागा निघाल्या तरी त्यांत कलेच्या फारच थोड्या असतात, हे सगळ्यांना माहीत होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक विद्यार्थी असतील तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक असावा असे म्हटले आहे, पण अर्धवेळ मानधनावर घर चालत नाही, हे त्या कामावर असलेल्या आमच्या एका वरच्या वर्गातल्या मुलीने आम्हाला स्पष्ट सांगितले होते. दुसरी वाट पुण्या-मुंबईची. तिथे कामे होती, पण ती उपयोजित कला शिकलेल्यांना आणि संगणकावर सराईतपणे काम करणाऱ्यांना आधी मिळत, आणि खोलीचे भाडे भरण्यापुरता पगार हातात येईपर्यंत घरून पैसे मागवावे लागत. तिसरी वाट प्रदर्शनांची, आणि मनातून आम्हा सगळ्यांना तीच हवी होती. पण जहांगीर कलादालनात तारीख मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि त्या वर्षांत जेवायचे काय, हा प्रश्न वर्गात कुणी मोठ्याने विचारत नसे.

माझी आणखी एक अडचण होती. काम मागायला जाताना दाखवायला हाती काही नव्हते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, आमच्या तळमजल्यात छातीइतके पाणी शिरले आणि फाउंडेशनपासूनची, म्हणजे पहिल्या वर्षापासूनची, माझी सगळी कामे, कॉटखालच्या पेटीतली, चिखलात गेली. पाणी ओसरल्यावर आईने एकेक कागद दोरीवर वाळत घातला. वाळल्यावर ते पापडासारखे कडक झाले आणि हात लावताच त्यांवरचा रंग सुटू लागला. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली आणि बराच काळ शिक्षण मोबाइलवर झाले. त्यामुळे पदविका हातात आली तेव्हा माझ्याकडे दाखवण्याजोगी फार तर अकरा-बारा कामे होती.

मी ती घेऊन शहरात हिंडले. फ्लेक्सच्या दुकानांत गेले, छपाईवाल्यांकडे गेले, घराची अंतर्गत सजावट करणाऱ्या दोन-तीन जणांकडे गेले. बहुतेकांनी चहा दिला, कौतुक केले आणि 'काही असले तर कळवतो' म्हणून निरोप दिला. नातेवाइकांकडून मात्र कामे येत होती: लग्नाच्या पाटांवर नक्षी, बारशाची पाटी, कुणाच्या बंगल्याच्या जिन्यात मोर. 'तुझ्या हातात कला आहे, तुला काय अवघड आहे' हे वाक्य मी त्या वर्षी इतक्यांदा ऐकले की ते ऐकू येताच पोटात गोळा येई. त्या कामांचे पैसे कुणी विचारले नाहीत आणि मीही सांगितले नाहीत. पैसे मागणे म्हणजे नाते तोडणे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

मग जानेवारी २०२३ मध्ये पहिले मोठे काम आले. एका खाजगी संस्थेला आवाराच्या भिंतीवर चित्रे काढून हवी होती. त्या संस्थेचे नाव मी देणार नाही. भिंत १२ फूट उंच आणि ४० फूट लांब. व्यवस्थापकांनी विचारले, "किती घ्याल?" मी भिंतीकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले आणि माझ्या तोंडून '१२ हजार, रंगासकट' असे निघून गेले. हा आकडा कुठून आला ते मला आजही सांगता येणार नाही. नाही म्हणतील या भीतीतून तो आला असावा. ते लगेच हो म्हणाले. बोलणे तोंडीच झाले, कागदावर काहीच लिहिले नव्हते.

अकरा दिवस मी त्या भिंतीसमोर उभी होते. जुन्या रंगाचे पोपडे खरवडायचे, प्रायमर मारायचा, तो वाळायची वाट पाहायची, मग घोड्यावर, म्हणजे रंगाऱ्याच्या उंच शिडीवर, चढून खडूने चौकटी आखायच्या आणि कागदावरचे रेखाटन मोठे करत जायचे. दुपारी भिंत इतकी तापे की बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग ब्रशवरच घट्ट होई. पाचव्या दिवशी व्यवस्थापकांनी एक संपूर्ण देखावा बदलायला सांगितला आणि मी तो बदलला. काम झाले, फोटो निघाले, मोठ्या माणसांच्या हस्ते भिंतीचे अनावरण झाले. मला ८ हजार मिळाले. उरलेल्या ४ हजारांसाठी मी नऊ वेळा गेले. शेवटच्या वेळी एकाने मला समजावले, "अहो, तुमचं नाव झालं की इथं." त्यानंतर मी जायचे सोडले.

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आप्पांनी मला ओसरीवर बसवले आणि वहीचे कोरे पान उघडले. रंग, रोलर, ब्रश यांचे ४,६४० रुपये. घोड्याचे भाडे आणि रिक्षा १,१६०. हे वजा जाता ८ हजारांतले २,२०० उरले. ते अकरा दिवसांनी भागले. दिवसाचे २०० रुपये. आप्पांनी तो आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या, जशा ते दुकानात मारतात, आणि म्हणाले, "त्यांनी चार हजार बुडवले ते वाईट केलं. पण सगळे दिले असते तरी तुझे रोजचे पावणेसहाशेसुद्धा होत नव्हते. तू उक्तं घेतलंस. हळदीचा ढीग कधी कुणाला उक्ता विकताना बघितलंयस का? दर क्विंटलचा बोलतात, माल काट्यावर चढतो, मग हमाली-तोलाई वजा जाऊन पट्टी निघते. तू ढीग बघूनच आकडा बोललीस."

इतक्या वर्षांनी मला त्यांचा तो जुना प्रश्न कळला. चित्राचे वजन कशाने करायचे, हे मला पाच वर्षांत कुणी शिकवले नव्हते आणि मीही कुणाला विचारले नव्हते. आम्हाला छायाप्रकाश शिकवला, मानवाकृतीची प्रमाणे शिकवली, रंगांची तपमाने शिकवली, पण एखाद्या माणसासमोर उभे राहून आपल्या कामाची किंमत कशी सांगावी यावर एक तासही झाला नाही. तो व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. मला काम मिळत नाही असे मी इतके दिवस मानत होते. खरे तर पाटांपासून जिन्यातल्या मोरापर्यंत काम सतत येत होते. माझी पट्टी निघत नव्हती.

त्या दिवसापासून मी वही घातली. प्रत्येक कामाला एक पान. वर मापे, त्याखाली साहित्य, प्रवास, लागतील ते दिवस, बदल सांगितल्यास वाढणारे दिवस आणि दिवसाचा दर. दर किती असावा यावर आमच्या घरात मोठी चर्चा झाली. आईचे म्हणणे होते की गवंड्याला जेवढी हजेरी मिळते तेवढी तरी मुलीला मिळालीच पाहिजे. तेथूनच आम्ही सुरुवात केली आणि ७०० रुपयांवर थांबलो. निम्मी रक्कम आधी इसार म्हणून घ्यायची आणि कागदावर दोघांची सही घ्यायची, हेही तेव्हाच ठरले.

आकडा वहीत लिहिणे सोपे होते. तो तोंडाने उच्चारायला मला आणखी बराच काळ लागला. त्यात मला मदत झाली ती गणपतीच्या कारखान्याची. २०२३ च्या जुलैत मिरज रस्त्यावरच्या एका मूर्तिकार काकांकडे मी रंगकामाला लागले. तिथे सगळे नगावर चालते. बॉडी कलर मारणाऱ्याचा दर वेगळा, पितांबर-शेल्याचा वेगळा, दागिन्यांच्या सोनेरीचा वेगळा, आणि आखणीचा, म्हणजे डोळे काढण्याचा, सगळ्यांत वेगळा. दर विचारताना किंवा सांगताना कुणीही खाली मान घालत नाही. सातवी शिकलेला, सोनेरी रंग देणारा मुलगा "काका, फेट्याला नक्षी असंल तर नगामागं दोन रुपये वाढतील" असे सरळ सांगे आणि काका मान डोलावत.

पहिले दोन आठवडे मला पॉलिश पेपरने मूर्ती घासायलाच बसवले. मग एकदा फुटलेल्या मूर्तीवर काकांनी मला आखणी करून पाहायला दिली. मी मोठ्या तयारीने उजवा डोळा पूर्ण केला, पापणी, बुबुळ, कडेची लालसर छटा, सगळे, आणि मग डाव्याकडे वळले. काकांनी माझा हात धरला. "एक डोळा पुरा करायचा न्हाई. दोन्ही भुवया, मग दोन्ही पापण्या, मग दोन्ही बुबुळं. बरोबरीनं न्यायचं. न्हाईतर नजर फिरती." शून्य नंबरचा ब्रश, रंग दुधापेक्षा थोडा घट्ट, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवलेली, आणि पापणीची रेघ ओढताना श्वास रोखलेला. शेवटचा पांढरा ठिपका दोन्ही बुबुळांत एकाच बाजूला पडायला हवा, कारण उजेड एकाच बाजूने येतो. तो ठिपका पडला की मूर्तीचा चेहरा आपल्याकडे पाहू लागतो. ऑगस्टअखेर मी दिवसाला साठ लहान मूर्तींची आखणी करू लागले. नगामागे १५ रुपये ठरले होते. दर शनिवारी संध्याकाळी काका मोजून पैसे देत, आणि माझ्या वहीतली ती पाने मी आजही उघडून पाहते, कारण त्यांत एकाही आकड्याखाली बाकी नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तासगावकडचे एक कुटुंब आजोबांचे व्यक्तिचित्र करून घ्यायला आले. आजोबांचा चांगला फोटो नव्हता. होता तो मतदार ओळखपत्रावरचा, नखाएवढा. नातवाने तो मोबाइलमधल्या एका ॲपवर टाकून मोठा आणि स्वच्छ करून आणला होता. त्या चित्रात आजोबांचा चेहरा गुळगुळीत, उजळ आणि देखणा झाला होता. मला धडकी भरली, कारण त्याच महिन्यात एका फ्लेक्सवाल्याने मला मोबाइलवर क्षणात तयार झालेले चित्र दाखवून "आता तुमचं कसं होणार?" असे विचारले होते, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. पण आजी ते ॲपवरचे चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे त्यांचे थोरले भाऊ वाटत्यात. हे न्हवंत."

मी आजींना कच्चे रेखाटन करत करत प्रश्न विचारले. टोपी कशी घालत? "सरळ कधीच न्हाई, उजवीकडं कललेली." डोळे? "डावा जरा बारीक. द्राक्षबागेत औषध मारताना उडालेलं." हसताना दात दिसत का? त्यावर त्या थांबल्या, पदर तोंडाला लावला आणि नाही अशी मान हलवली. मी तीनदा रेखाटन बदलले. मग वही उघडली. १८ बाय २४ इंचांचा कॅनव्हास, तैलरंग, साहित्य १,४५०, दिवस ९, दर ७००. एकूण ७,७५०, पैकी इसार ४ हजार. मी आकडा सांगितला आणि त्यापुढे 'तुम्हाला जमेल तसे द्या' हे शब्द जोडले नाहीत. खोलीत काही क्षण शांतता होती आणि माझे हात थंड पडले होते. मग नातवाने विचारले, "फ्रेम त्यातच धरायची का?" मी नाही म्हटले. त्याने चार हजार मोजून दिले. चित्र पूर्ण झाल्यावर आजींनी आजोबांच्या टोपीवरून, रंग वाळला आहे ना असे विचारून, बोट फिरवले. उरलेले ३,७५० त्यांनी स्वतःच्या हाताने दिले.

याच काळात मी औंधला जाऊन आले. सातारा जिल्ह्यातल्या या गावी यमाईच्या डोंगरावर औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेले श्री भवानी संग्रहालय आहे. महाविद्यालयाच्या सहलीत मी ते धावतपळत पाहिले होते. या वेळी दिवसभर बसले. रविवर्मा, धुरंधर यांची चित्रे आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे माय-लेकराचे दगडी शिल्प आहे. एवढ्या आडगावात हे सगळे आले, कारण तिथला राजा स्वतः चित्रकार होता आणि चित्रकारांना काम देत होता. तिथून परतताना मला आमच्या सरांनी सांगितलेली दुसरी गोष्ट आठवली. त्याच औंध संस्थानात १९१० मध्ये किर्लोस्करांच्या नांगराच्या कारखान्याभोवती किर्लोस्करवाडी वसली, आणि चित्रकला शिकलेले शंकरराव किर्लोस्कर त्या कारखान्याच्या जाहिरातींच्या कामाला लागले. १९२० साली सुरू झालेले 'किर्लोस्कर खबर' हे मासिक त्यांनीच चालवले. नांगराची जाहिरात करणे त्यांना कमीपणाचे वाटले नसेल, तर शाळेच्या भिंतीवर पाण्याचे चक्र रंगवताना मी का संकोचावे, असे माझ्या मनात आले. तेव्हापासून 'ही खरी कला आणि ही पोटाची कला' असे दोन ढीग करणे मी बंद केले आहे. दोन्हीकडे ब्रश तोच असतो आणि रेघ चुकली तर तितकेच वाईट वाटते.

जून २०२४ पासून घरी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांचे वर्गही घेते. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण वाढतात, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३, म्हणून पालक मुलांना पाठवतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांत मुले रमतात, भूमितीला कंटाळतात. सध्या चौदा मुले आहेत, महिना ५०० रुपये. हे ७ हजार दरमहा नक्की येतात, आणि त्यामुळे बाकीच्या कामांना नाही म्हणायची ताकद आली आहे. जिन्यातला मोर फुकट काढायला मी हल्ली नाही म्हणते. दोन घरी अबोला धरला गेला, त्यातला एक आता सुटला आहे.

काळजी गेली असे मात्र मी म्हणणार नाही. २०२५ च्या सुरुवातीला प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचा प्रश्न उच्च न्यायालयात होता आणि काकांनी साचे झाकून ठेवले होते. जूनमध्ये मूर्ती घडवण्याची मुभा मिळाली तेव्हा हंगामाचे निम्मे दिवस गेले होते. काका आता शाडूकडे वळत आहेत. शाडूच्या मूर्ती वाळायला वेळ घेतात, त्यामुळे नग कमी होतील आणि माझी आखणीही कमी होईल. ऑक्टोबर-नोव्हेंबरची माझी पाने बरीचशी कोरी असतात. आप्पा पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. घरात माझ्या लग्नाचा विषय निघाला की समोरची माणसे 'पण मुलगी नक्की करते काय' असे विचारतात, आणि आई आताशा वही पुढे करते.

कोऱ्या महिन्यांत मी स्वतःसाठी एक चित्र करते आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद साठवायची जमिनीखालची पेवे होती. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या पुरात त्यांत पाणी शिरले आणि ती परंपरा जवळजवळ थांबली. आप्पांनी त्यांच्या तरुणपणी पेव उघडताना पाहिले आहे: आधी तोंड मोकळे करून काही तास आत हवा खेळू द्यायची, मग एक माणूस दोराने खाली उतरणार आणि वर उभ्या असलेल्या सगळ्यांचे डोळे त्या काळ्या गोलाकडे. त्या गोलाभोवती वाकलेली माणसे मी चार फुटांच्या कॅनव्हासवर काढते आहे. याचेही पान वहीत आहे. मापे लिहिली आहेत, साहित्याचे २,९०० लिहिले आहेत, दिवसांच्या रकान्यात सध्या ३४ आहे. दराच्या रकान्यात काय लिहू, असे मी आप्पांना विचारले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कॅनव्हासकडे पाहिले आणि म्हणाले, "त्या उतरणाऱ्या माणसाचा दोर ढिला दिसतोय. ताणलेला पाहिजे. वरच्यांनी धरलाय ना त्यो." उद्या सकाळी उजेड तिरपा असताना तो दोर आणि पेवाच्या तोंडाचा अंधार पुन्हा पाहायला हरिपूरला जाणार आहे.